बालमन आणि बोलका पडदा

भातुकली म्हणजे घराचा आरसा होय, असे आम्ही बालमानसशास्त्राच्या तासाला नेहमी सांगतो. मूल जे पाहते तेच खेळते. आणि जे त्याला बोलून दाखविता येत नाही, तेही ते खेळून दाखविते. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन एका बालवाडीत निरीक्षणासाठी गेले असता या विधानाचा प्रत्यय फार वेगळ्या रीतीने आला. चार वर्षांची एक मुलगी बाहुलीला जेवू घालीत होती. तिने ताटली मांडली, पाल्याची भाजी वाढली, खोटाखोटा घास कालविला. मग काहीतरी विसरल्यासारखे करून ती उठली, कोपऱ्यातून फरशीचा एक चपटा तुकडा घेऊन आली, तो तांब्याला टेकवून बाहुलीसमोर उभा केला, त्यावरून बोट फिरविले आणि म्हणाली, "हं, आता आ कर." बाहुली फरशीकडे पाहत राहिली. 'आई' तिला भरवीत राहिली. त्यानंतर दोघींत एक शब्दही झाला नाही.

बरोबरच्या विद्यार्थिनी हसल्या. मीही हसले. परतीच्या वाटेवर मात्र मन अस्वस्थ झाले. आपल्याकडे मुलाला घास भरविणे हे केवळ पोट भरण्याचे काम कधीच नव्हते. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा मामाचा असे म्हणत म्हणत आई मुलाला पक्ष्यांची नावे, नात्यांची नावे आणि थांबण्याची सवय, सारे एकाच वेळी शिकवीत असे. मूल मान फिरवी, आई नवा घास रचून सांगे. घासागणिक एक सवाल आणि एक जबाब होत असे. त्या मुलीच्या भातुकलीत अन्न होते, आई होती, माया होती. पण सवालजबाब नव्हता.

लहान मुले आणि डिजिटल माध्यमे या विषयावर आजकाल फार बोलले जाते. कोणी मोबाईलला विष म्हणतो, कोणी ज्ञानाची गंगा म्हणतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही टोकांना न जाता, जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरताच विचार करावयाचा आहे. मूल पडद्यासमोर किती वेळ बसते, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याहून मूलभूत प्रश्न असा की, त्या वेळात मुलाला उत्तर कोण देतो?

कालचा पडदा आणि आजचा पडदा

पडदा आपल्या घरात आज शिरला असे नव्हे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' या नावाने उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनचा मोठा प्रयोग आपल्या देशातील सहा राज्यांत, सुमारे २४०० खेड्यांत झाला आणि त्यात सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला होता. मुलांनी पडद्यावरून शिकावे ही कल्पना म्हणजे काही नवे फॅड नव्हे; ती पन्नास वर्षांची जुनी आणि सद्हेतूने मांडलेली कल्पना आहे.

परंतु त्या पडद्यात आणि आजच्या पडद्यात एक मोठा फरक आहे. तेव्हा संच एक आणि पाहणारे पुष्कळ असत. कार्यक्रमाला ठरलेली वेळ होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला शेवट होता. कार्यक्रम संपला की मुले अंगणात पळत आणि पाहिलेल्याची नक्कल करीत. आजचा पडदा हातात मावतो, एकट्याने पाहिला जातो आणि आपण होऊन संपत नाही. एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी तयार असते. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ साली सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२२ साली हे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि जो मोबाईल काल मुलांपासून लपवून ठेवला जात होता, तोच शाळेने घराघरांत मागून घेतला. या उलथापालथीचा नीट विचार करण्यास कोणालाच उसंत मिळाली नाही.

मूल भाषा कोणाकडून शिकते?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे काही प्रयोग गेल्या पंचवीस वर्षांत झाले आहेत. ते साधे आहेत आणि विचार करण्याजोगे आहेत.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कुल या भाषावैज्ञानिक विदुषीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांची बाळे घेतली. काही बाळांशी चिनी मँडरिन भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी सुमारे चार आठवड्यांत बारा वेळा समोर बसून खेळ खेळले, पुस्तके वाचून दाखविली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे, पण पडद्यावर दाखविले. तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकविला. पहिल्या गटातील बाळे मँडरिनमधील वेगळे ध्वनी ओळखू लागली. उरलेल्या दोन्ही गटांतील बाळांनी काहीही आत्मसात केले नाही. जणू त्यांनी ती भाषा ऐकलीच नव्हती! शब्द तेच होते, तोंड तेच होते. समोर माणूस मात्र नव्हता.

दुसरा प्रयोग ज्यूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. बाळांना शब्द शिकविण्यासाठी बाजारात विकली जाणारी एक चित्रफीत त्यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांना महिनाभर घरी दाखविली. काही मुलांच्या आईवडिलांना चित्रफीत न देता केवळ शब्दांची यादी दिली आणि सांगितले, हे शब्द तुम्हाला सुचेल तसे रोजच्या व्यवहारात शिकवा. महिन्याअखेर यादीवाल्या घरांतील मुले सर्वांत पुढे होती. चित्रफीत पाहणाऱ्या मुलांनी, ती मुळीच न पाहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकले नव्हते. आईवडील शेजारी बसून पाहत होते तरीही! यातील मौजेची गोष्ट अशी की, ज्या पालकांना चित्रफीत स्वतःला फार आवडली, त्यांना आपले मूल तिच्यातून पुष्कळ शिकले असे वाटत होते. हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. पडद्यापुढचे शांत मूल आपल्याला शिकत असलेले मूल वाटते.

यावरून पडदा हीच वाईट वस्तू, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही घाईचा ठरेल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना काही नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकविली: प्रत्यक्ष समोर बसून, व्हिडिओ कॉलवर बोलून, आणि दुसऱ्या एका मुलाशी झालेल्या व्हिडिओ कॉलचे मुद्रण दाखवून. पहिल्या दोन्ही गटांतील मुले शब्द शिकली. मुद्रण पाहणारी शिकली नाहीत. म्हणजे काचेमुळे शिकणे अडत नाही. काचेपलीकडचा माणूस मुलाला पाहतो का, त्याच्या बोलण्यावर थांबतो का, त्याने भलतेच काही म्हटले तर हसतो का, यावर सारे अवलंबून आहे. पुण्याची नात आणि अमेरिकेतील आजी यांच्या संध्याकाळच्या गप्पा आणि न संपणारी व्यंगचित्रे यांना एकाच 'स्क्रीन टाइम'च्या मापाने मोजणे म्हणूनच योग्य नव्हे.

एक कबुलीजबाब

येथे स्वतःबद्दल थोडे सांगणे भाग आहे. कारण हे सारे मी पुस्तकातून शिकले, पण मला ते कळले घरात.

२०२० साली माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. महाविद्यालयाचे तास घरून घ्यावे लागत. घरात दुसरे मोठे माणूस दिवसा नसे. मी एका खोलीत संगणकासमोर बसून विद्यार्थ्यांना पियाजे शिकवीत असे: मूल वस्तू हाताळून, चाखून, आपटून जग जाणून घेते, पहिली दोन वर्षे तर त्याचे हात हीच त्याची बुद्धी असते. आणि शेजारच्या खोलीत माझा मुलगा गुळगुळीत काचेवरून बोट फिरवीत बसलेला असे. त्या काचेवरील संत्र्याला वास नव्हता, वजन नव्हते, ते घरंगळत पलंगाखाली जात नव्हते. हे मला दिसत नव्हते असे नाही. पण तास पंचेचाळीस मिनिटांचा होता, आणि मूल शांत होते.

पुढे बालवाड्या उघडल्या तेव्हा महिन्याभराने तेथील ताई मला म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? राग मानू नका. तुमचा मुलगा प्रश्न खूप विचारतो, पण उत्तराला थांबत नाही."

मी घरी येऊन लक्ष देऊन पाहिले. ते खरे होते. तो विचारी, "हा रंग कोणता?" आणि मी तोंड उघडण्यापूर्वी स्वतःच म्हणे, "निळा! शाब्बास!" काही दिवसांनी त्याच्याबरोबर बसून त्याच्या आवडत्या चित्रफिती पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. त्यातील पात्र प्रेक्षकाला प्रश्न विचारी, दोन क्षण थांबे आणि म्हणे, शाब्बास! मुलाने बरोबर उत्तर दिले, चूक दिले, की तो खोलीतून उठून गेला, याच्याशी त्या 'शाब्बास'चा काही संबंध नव्हता. संवादाचा सारा सांगाडा तेथे होता. त्यात ऐकणारा तेवढा नव्हता.

हे केवळ मोबाईलमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी मुलाला ना सवंगडी होते, ना अंगण. एका मुलाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये, हेही मीच वर्गात शिकविते. पण त्या ताईंनी जे एका वाक्यात हेरले ते मला, बालमानसशास्त्राच्या प्राध्यापिकेला, दिसले नव्हते, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. मुलगा आता शाळेत जातो, बोलतो, भांडतो, उत्तराला थांबतोही. थांबायला शिकण्यास त्याला काही महिने लागले, आणि त्याला उत्तर देण्याची सवय लागण्यास मलाही तितकेच लागले.

चांगले कार्यक्रम नसतात काय?

असतात. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेला 'सेसमी स्ट्रीट' हा कार्यक्रम शिक्षणतज्ज्ञांच्या सल्ल्याने, विशेषतः गरीब वस्तीतील बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी तयार करण्यात आला. ज्या भागांत त्याचे प्रक्षेपण नीट पोहोचत होते तेथील मुले पुढे शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत टिकून राहण्याची शक्यता अधिक होती, असे अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांनंतर आकडेवारीच्या आधारे दाखविले. 'गल्ली गल्ली सिम सिम' या नावाने त्याचे भारतीय रूप २००६ साली आले. तीन वर्षांपुढच्या मुलाला संथ, कथा असलेला, विचारपूर्वक केलेला कार्यक्रम काही देऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे.

मात्र गतीचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. २०११ साली चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटे अतिवेगवान व्यंगचित्रपट दाखविला, काहींना संथ शैक्षणिक चित्रपट, आणि काहींना रंगखडू देऊन चित्र काढू दिले. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, म्हणजे सूचना लक्षात ठेवणे, मोह आवरून थांबणे अशा कामांत, वेगवान चित्रपट पाहणारी मुले मागे पडली. हा परिणाम पुढे किती काळ टिकतो हे त्या प्रयोगाने सांगितले नाही, आणि मुलेही थोडीच होती. तरी ज्या बालवाड्या 'डिजिटल वर्ग' अशी पाटी लावून पालकांना आकर्षित करतात, त्यांनी मुले फळ्यावरच्या चित्रफितीनंतर लगेच गोष्ट ऐकायला का बसत नाहीत, याचा विचार या अंगाने करावा.

मोठ्यांचा मोबाईल

आपण सारी चर्चा मुलांच्या हातातील मोबाईलची करतो. आपल्या हातातील मोबाईलचे काय? एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रथम मांडलेला एक प्रयोग आज पुन्हा आठवावा असा आहे. आई बाळाशी खेळत असते. सांगितल्याबरोबर ती काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आईला परत खेचून आणण्याचे सारे उपाय करून पाहते, आणि शेवटी तोंड फिरविते. त्या काळी मोबाईल नव्हता. पण मांडीवर मूल घेऊन संदेश वाचणाऱ्या आईचा, बापाचा चेहरा आठवून पाहा. तो असाच निर्विकार असतो, आणि दिवसातून कितीतरी वेळा असतो.

येथे केवळ पालकांना दोष देऊन भागणार नाही. २०२१ पासून अंगणवाडी सेविकांना मुलांची हजेरी, वजन, उंची, आहार यांची नोंद 'पोषण ट्रॅकर' या अ‍ॅपवर करावी लागू लागली. कुपोषणाची नोंद अचूक हवी यात वाद नाही. पण समोर पंचवीस मुले आणि हातात अडून बसलेला मोबाईल अशा स्थितीत ताईंची मान खाली झुकते, तेव्हा त्यांच्या पदराला धरून काही सांगू पाहणारे मूल कोणाकडे पाहील? तसेच, एका खोलीत राहणारी, दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेली आई स्वयंपाकापुरता मोबाईल मुलाच्या हातात देते, तेव्हा तिला 'स्क्रीन टाइम'वर व्याख्यान देणे हा उद्धटपणा होय. तिच्यापाशी ना अंगण आहे, ना आजी, ना जवळपास बाग. मोबाईलने तिच्या मुलाचे बालपण हिरावले नाही. ते आधीच अपुऱ्या जागेत आणि अपुऱ्या वेळेत कोंबले गेले होते. मोबाईलने फक्त त्या कोंडीवर झाकण घातले.

मग करावे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले की, दोन वर्षांच्या आतील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. जितके कमी तितके बरे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ साली प्रसिद्ध झालेली सूचनाही साधारण अशीच आहे. हे नियम उपयुक्त आहेत. पण नियम फक्त काय काढून घ्यावे ते सांगतात; त्या जागी काय ठेवावे, हे आपल्याच परंपरेत शोधावे लागते.

ते शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. खड्यांना किंमत नव्हती. पण प्रत्येक खड्याबरोबर 'हा कुठे सापडला रे?' असे विचारणारी आणि उत्तर ऐकून घेणारी एक व्यक्ती होती. शिक्षण त्या विचारण्यात होते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठराव केला की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास गावातील मोबाईल व दूरदर्शन संच बंद राहतील. मुले अभ्यासाला बसतील, मोठी माणसे वाचतील, एकमेकांशी बोलतील. या ठरावाची थोरवी मला त्याच्या कडकपणात वाटत नाही. ती यात वाटते की, भोंगा मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी दुसरा असा नव्हता. जी गोष्ट एकट्या आईला जमत नाही, ती गावाने मिळून अंगावर घेतली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही जणी अंगणवाडीत काम करतील, बहुतेक सारे आईबाप होतील. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. घरी तुम्ही आजच कोणाचे तरी काका, मामा, आत्या, मावशी, दादा, ताई आहात. आणि घरातला सर्वांत चांगला मोबाईल बहुधा तुमच्याच खिशात असतो. भाचरू तुमच्याकडे झेपावते ते तुमच्यासाठी की त्या मोबाईलसाठी, हे एकदा तपासून पाहा. त्याला मोबाईल दिलाच, तर त्याच्याबरोबर बसा आणि नुसते पाहू नका; थांबवा, विचारा, त्याचे चुकीचे उत्तरही पुरते ऐकून घ्या. आणि ज्या दिवशी देणार नाही, त्या दिवशी 'नाही' म्हणून निघून जाऊ नका. त्या जागी स्वतः बसा. हे कठीण आहे. मला ते अजूनही रोज जमते असे नाही.

त्या बालवाडीत काही महिन्यांनी पुन्हा जाण्याचा योग आला. ताईंना मी फरशीच्या तुकड्याविषयी सांगितले होते. त्यांनी तो काढून टाकला नव्हता, मुलीला रागावल्याही नव्हत्या. त्या भातुकलीत जाऊन बसल्या होत्या, पाहुण्या म्हणून. "बाहुलीला आज काय आवडलं?" असे त्यांनी विचारले, आणि ती चिमुरडी 'आई' बाहुलीच्या तोंडाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली.